हाताचा आहेर

ऋजुताच्या लग्नात आहेराची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि ते बरोबरच होतं. आमच्या घराण्यात कोणाला काय येतं, कोणाला काहीच येत नाही पण येतं असं वाटतं, आणि कोणाचं नाव कोणाच्या आधी आलं तर कोण जेवायला थांबणार नाही, हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. मी ऋजुताची आत्या, वृंदा. वीज कंपनीच्या कराडच्या कचेरीतून निवृत्त झालेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी हळहळायला नको.

माझ्या लग्नात आहेर म्हणजे भिंतीवरची घड्याळं आणि लेमन सेट. सात घड्याळं आली होती, त्यांतली बरीचशी मी पुढच्या लग्नांत वाटून टाकली. मग पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायची टूम निघाली. आता तर घरं एवढीशी झालीत, भांडीकुंडी भाड्यानं येतात नि जातात, वस्तू दिली तर घेणाऱ्याच्याच कपाळाला आठ्या. पण मराठी माणसाला लग्नात रिकाम्या हातानं जेवणं काही घशाखाली उतरत नाही. तेवढ्यात हातवळण निघालं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हे प्रकरण मला ऋजुतानंच समजावून दिलं. सायकल येणाऱ्या माणसाला विचारा, तोल कसा सांभाळतोस? त्याला सांगता येत नाही, कारण ते शहाणपण शब्दांत नसतंच. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. हात एखादं काम हजारदा करतात तेव्हा तिथल्या पेशींमध्ये त्या कामाची वाट पडते, आणि मग हात त्या वाटेनं आपले आपण जातात. काही वर्षांपूर्वी ही वाट वाचता यायला लागली. देणाऱ्यानं डोक्याला टोपी घालायची, बोटांना नि मनगटांना नेलपॉलिशसारखा एक पातळ थर लावून घ्यायचा आणि आपलं काम नेहमीसारखं करायचं. घेणाऱ्यानं तशीच टोपी घालून काही रात्री झोपायचं. दिवसा शिकलेलं काम मेंदू रात्री झोपेत घोकत असतोच, टोपी त्या घोकंपट्टीत दुसऱ्याचा धडा सरकवते. पंधरवड्यात घेणाऱ्याच्या हाताला देणाऱ्याचं वळण येतं. मात्र हे एकाचं एकालाच देता येतं, कारण घेणाऱ्याच्या मेंदूशी जुळवूनच ते वाचावं लागतं. दुकानात विकत मिळत नाही म्हटल्यावर आहेर म्हणून त्याचा भाव किती चढला असेल, सांगायला नको.

ऋजुता लग्नानंतर नॉर्वेला, बर्गनला जाणार होती. समुद्राच्या लाटांवर वीज करतात तिथं तिची नि होणाऱ्या नवऱ्याची, निहारची नोकरी. तिला काय काय लागेल आणि ते कोणाकडून मागायचं, हे मी ठरवायला बसले आणि मला खरं सांगायचं तर फार मजा आली. माझा भाऊ मंदार, म्हणजे तिचा बाप, गाडी मागे घेण्यात पटाईत. ते त्याच्या नावावर लावलं. तिच्या आईचं, शलाकाचं अक्षर मोत्यासारखं, ते घेतलं. निहारच्या आईनं, विशाखाताईंनी, नागपूरहून स्वतः फोन करून सांगितलं की मी पुडाची वडी देते. नानाकाकांना काहीच येत नाही, पण त्यांना वगळलं तर ते मांडवात रुसून बसले असते. त्यांची शिट्टी सुरेख आहे. ती यादीत घातली आणि ते दोन दिवस घरभर शिट्टी वाजवत फिरले.

माझं नाव मी घातलं नव्हतं. यादी करणाऱ्यानं स्वतःला कशाला घालायचं, असं म्हणत होते. खरं कारण निराळं होतं आणि ते माझं मला माहीत होतं.

याद्यांच्या बैठकीला नागपूरची मंडळी आली. मंदारनं मोठ्या पडद्यावर आहेराची यादी लावून एकेक नाव वाचायला घेतलं. प्रत्येक नावाला माना डोलत होत्या. शेवटी मी न लिहिलेली ओळ आली. “वधूची आत्या वृंदा. बाळाचं न्हाऊमाखू.” टाळ्या झाल्या. विशाखाताईंनी उठून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या की याहून मोठा आहेर कोणता असणार. मी हसले. भरल्या बैठकीत दुसरं काय करणार?

माझ्या हाताची गोष्ट अशी, की आमच्यात कोणाकडे दिवस गेले की पहिला फोन मला येतो. मी बॅग भरते आणि जाते. पाटावर बसायचं, पाय पसरायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं. तेल, मग पाणी. कपाळाशी तळहात आडवा धरायचा म्हणजे नाकाडोळ्यांत थेंब जात नाही. किती बाळं न्हाऊ घातली त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. सातारा, मिरज, बंगळूर, एकदा दुबईसुद्धा. त्या दीड-दोन महिन्यांत त्या घरात माझ्या शब्दाला किंमत असते. चहा आधी मला येतो. एरवी मी कोणाची कोण? सणावाराला पानावर बसवतात, इतकंच.

मंदारला स्वयंपाकघरात गाठून झाडला. त्याचं म्हणणं, सख्ख्या बहिणीचं नाव नसलेली यादी व्याह्यांपुढे कशी वाचायची? आत्याला विचारलंसुद्धा नाही असं झालं असतं. त्यानं माझा मान राखला म्हणे. मान राखायचा म्हणून माझ्या जिवावर उदार होणारी ही माणसं.

दोन दिवसांनी हातवळण करून देणाऱ्या कंपनीच्या मुलीचा फोन आला. तिनं माझं वय विचारलं, आणि मी चौसष्ट म्हटल्यावर तिचा आवाज एकदम मऊ झाला. मग तिनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणीच नीट वाचलेलं नव्हतं. पाठ असलेली गोष्ट मेंदूनं बाहेर काढली की ती थोडा वेळ सैल होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. हे आपल्या डोक्यात रोज चालतं. पण वळण वाचायचं तर ते बराच वेळ सैल ठेवावं लागतं, त्यासाठी एक औषध देतात. नंतर तीन आठवडे ते काम अजिबात करायचं नाही, म्हणजे ते आपल्या जागी परत बसतं. तरुणांचं बसतंच. साठीच्या पुढे मात्र दहांतल्या चौघांचं बसत नाही. गेलं ते गेलं. म्हणून मी विचार करून संमती द्यावी, असं ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझं एका जागी बूड टेकेना. सकाळी संगमावर जायची आणि नदी न बघताच परत यायची. कपाटं आवरायला काढायची आणि अर्धी सोडायची. मुद्दा संमतीचा नव्हताच. हात गेला तर मला बोलावणार कोण? आणि नाही गेला, तरी ऋजुताला माझी गरज उरली का? आज तिच्यासाठी मागितलं, उद्या दुसरी कोणी आपल्या मावशीकडून मागेल, परवा प्रत्येक पोरगी आपापली सोय करून घेईल. बॅग माळ्यावर जाईल ती जाईलच.

ऋजुताला कळलं तशी ती पुण्याहून आली. डोळे भरून म्हणाली, मला माहीत नव्हतं गं, मी काढून टाकते. पोरगी गुणी आहे, त्यात शंका नाही. पण त्यानं माझा पारा आणखीच चढला. बैठकीत टाळ्या पडलेली ओळ आता काढायची, आणि नागपूरला काय कळवायचं? आत्यानं हात आखडता घेतला म्हणून? मंदार मध्ये पडला. तो वाईट नाही, पण तोंडाला फडकं बांधून ठेवावं असा आहे.

“किती वर्षं करणार आहेस, ताई? तू गेलीस की हे तुझ्याबरोबरच जाणार.”

“जाऊ दे की. माझं आहे ते.”

शलाका पोळ्या करायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. मी चपला घातल्या आणि घरी आले. जिन्यात रडले, उगाच खोटं कशाला सांगू. रागानं रडले.

त्या वेळी माझं एक बाळ चालू होतं. माझ्या मागच्या इमारतीत माझ्या चुलतभावाची सून राहते, तेजल. तिची मुलगी दीड महिन्याची. नाव अजून ठेवलं नव्हतं, मी तिला ठमी म्हणत होते. रोज सकाळी जायचं, ठमीला न्हाऊ घालायचं, तेजलला दोन शब्द सुनवायचे आणि यायचं. त्या तासाभरात माझं मन ठिकाणावर असायचं. बाकी दिवस नुसती वणवण.

भांडणानंतर दोन-चार दिवसांनी ठमीला पालथी घेतली होती. तांब्या डाव्या हातात, उजव्या तळव्यावर तिचं कपाळ. आणि तिचं डोकं माझ्या तळव्यावरून सरकून मनगटावर आलं. क्षणभरच. मी लगेच सावरलं. ठमीला कळलं नाही, तेजल टॉवेल आणायला आत गेली होती, तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं.

हिवाळ्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या येत होत्या. थंडी असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता साताऱ्याला जाऊन डॉक्टरला गुपचूप दाखवून आले. मानेपाशी नस दबलीये, म्हणाला. औषधानं थोडं लांबेल, पण अंगठा, मग शेजारचं बोट, असं पुढे सरकत राहणार. लहान बाळांना उचलू नका, असंही म्हणाला, आणि मी त्याला विचारलेलंसुद्धा नव्हतं. परतीच्या एसटीत सगळा रस्ता मी तो अंगठा चोळत बसले. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं मी एकाही बाळाच्या बाबतीत घाबरले नव्हते, आणि आता उद्या सकाळी ठमीकडे न जायला निमित्त शोधत होते.

वाट माझ्या डोक्यात अजून शाबूत होती. तिच्यावरून जाणारा हातच निकामी होत चालला होता. न देता ठेवली तर ती नुसती आत पडून राहणार, कोणाच्या कामाची नाही, माझ्याही नाही. मंदार म्हणाला ते खरं होतं, फक्त मी मरायच्या आधीच ते खरं ठरणार होतं. घरी पोचल्या पोचल्या ऋजुताला फोन केला आणि म्हटलं, देते. तिनं दोनदा विचारलं, खरंच द्यायचंय का, की बाबांनी गळ घातली? मी म्हटलं, जास्त प्रश्न विचारशील तर विचार बदलेन. अंगठ्याचं कोणालाच सांगितलं नाही. आत्या मानाला जागली, असं मंदारनं गावभर केलं. करू दे.

तेजलला टोपीचं नि औषधाचं सांगून विचारलं, ठमीला न्हाऊ घालतानाच वाचून घेऊ का? ठमीचं मग काय, हा प्रश्न तिच्या तोंडावर होता, तरी ती हो म्हणाली. उरलेले दिवस मी तिला ठमीच्या डोक्याखाली दुसरा हात धरून बसायला लावलं. शिकून घे म्हटलं. एवढी लबाडी केली.

कंपनीची मुलगी टोपी घेऊन आली ती सकाळी, उन्हं गॅलरीत आल्यावर. आधी औषध दिलं, मग बोटांवर तो गार थर लावला. हातातल्या यंत्राकडे बघत ती म्हणाली, की उजव्या अंगठ्याचा प्रतिसाद जरा कमी येतोय. मी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिनं नजर पुन्हा यंत्रात घातली. मग हळूच म्हणाली, वाट स्वच्छ दिसतेय, तेवढं पुरे आहे.

मी पाटावर बसले. पाय पसरले. ठमीला घेतलं.

त्या आंघोळीबद्दल काय सांगू? इतक्या वेळा केलेलं काम मी पहिल्यांदा बघत बघत केलं. पाणी कोपरानं पाहिलं. तेलाचा हात पाठीवरून खाली नेला, मांड्यांच्या वळ्यांत बोट फिरवलं, कानामागे पुसलं. टाळूवर तेल थापताना ती नेहमीसारखी डोळे मिटून ओठ चोखायला लागली. मला वाटलं, थांबावं. टोपी काढून फेकून द्यावी आणि म्हणावं, चला, झालं नाटक. पाणी संपेपर्यंत हे वाटत राहिलं. मग पाणी संपलं.

पुढचे तीन आठवडे म्हणजे शिक्षा होती. लग्न त्यातच झालं. मांडवात सगळे आपापल्या आहेराबद्दल बोलत होते, नानाकाकांनी तर ऋजुताकडून शिट्टी वाजवून घेतली आणि टाळ्या मिळवल्या. विशाखाताईंनी मला नवरीमुलीच्या आईच्या शेजारी बसवलं. मान इतका, की पंगतीत मला उठून कोणाला वाढूसुद्धा दिलं नाही. मी बसून राहिले आणि आतल्या आत जळत राहिले. घरी असले की मागच्या इमारतीतून ठमीचं रडणं ऐकू यायचं. तेजल आणि तिचा नवरा तिला टबात कशीबशी धुऊन काढायचे. माझ्या हाताखाली ती कधी रडली नव्हती. मी गॅलरीचं दार लावून घ्यायची, पुन्हा उघडायची.

बर्गनला निघायच्या आदल्या दिवशी ऋजुता आली. माझे तीन आठवडे संपले होते, तिच्या टोपीच्या रात्रीही संपल्या होत्या. आम्ही दोघी तेजलकडे गेलो. आधी मी बसणार, हे मी बजावून ठेवलं होतं. तेजल माझ्या गुडघ्याशी टेकून बसली, दोन्ही हात तयार ठेवून.

ठमी जड झाली होती. मी तिला पायांवर घेतलं आणि तांब्या उचलला, आणि पुढे काय करायचं ते मला समजेना. अंगठ्याचा प्रश्न नव्हता हा. बाळ कसं न्हाऊ घालतात हे मला शब्द न् शब्द माहीत होतं, दुसऱ्याला सांगता आलं असतं. पण हात विचारत होते, आता कुठे? कपाळाखाली कोणता तळवा जातो? तिला पालथी कशी वळवायची? मी वळवायला गेले, तिचा पाय अडकला आणि ती किंचाळली. तेजलनं तिला अलगद धरलं. पाण्याचा एक थेंबही मी ओतलेला नव्हता.

“उचल हिला,” मी म्हटलं.

मी भिंत धरून उठले आणि बाजूला झाले. ऋजुता माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत अपराधी भाव दिसला आणि मला तो नको होता. म्हटलं, बघत काय बसलीस, पाणी गार होतंय.

ती पाटावर बसली. आयुष्यात तिनं कधी लहान बाळ नीट धरलेलं नाही, मला माहीत आहे. सुरुवातीला तिचे खांदे ताठ होते. मग तिनं ठमीला पालथं घेतलं, आणि तिचा उजवा तळवा आपसूक कपाळाशी आडवा झाला. पाणी पाठीवरून गेलं, नाकापाशी थेंब नाही. कानामागे बोट, मांडीच्या वळीत बोट, मानेखाली जरा थांबणं. मी असं थांबते, हे मला तोवर माहीत नव्हतं. ठमी रडायची थांबली. माझे हात होते ते, तिशी न ओलांडलेले, अंगठा धड असलेले. मला ऋजुताचा हेवा वाटला. मनापासून. त्या क्षणी तिला उठवून दिलं असतं, पण उठवून मी काय करणार होते?

तिनं ठमीला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं. ओलं आवरायला, पाट उचलायला तिला उठायचं होतं, तेजल बाळाचे कपडे शोधत होती, म्हणून तिनं ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

आता एक गोष्ट सांगते. इतकी वर्षं मी बाळ पुसून गुंडाळलं की तडक त्याच्या आईकडे द्यायची. पुढे मला कामं असायची. फरशी पुसायची, तेलाची वाटी झाकायची, बाळंतिणीचं पाणी काढायचं. न्हालेलं बाळ कसं झोपतं, ते मी दुसऱ्यांच्या मांडीवर, तेही येता-जाता बघितलेलं.

ठमीनं एकदा जांभई दिली. तिच्या अंगाची ऊब साडीतून माझ्या मांडीला लागली, आणि ती झोपली. झोपल्यावर ती होती त्याहून जड लागायला लागली. सवयीनं मी उठायला बघितलं, फरशीवर पाणी होतं. ऋजुता फडकं घेऊन आधीच ते पुसत होती. मला करायला काहीच नव्हतं.

तेजल कपडे घेऊन आली. दूध पाजायची वेळ झाली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले.

“थांब गं जरा,” मी म्हटलं.